लेलंड कॉमेट ९०, मॉडेल १९५४ : आठ महिने आणि अकराशे मैल चालवल्यानंतर

मार्चमध्ये ही जुनी लॉरी घेतली तेव्हापासून घरच्या ग्रुपवर, मित्रांच्या ग्रुपवर एकच प्रश्न येतोय, कशी आहे, चालते का, की नुसती उभीच आहे. मी तेव्हाच ठरवलं होतं की दोन-चार चकरा मारून लगेच मत द्यायचं नाही, उन्हाळा जाऊ दे, थोडी थंडी लागू दे, मग लिहू. आता नोव्हेंबर चाललाय, मीटरवर ११४० मैल वाढलेत म्हणजे १८०० किलोमीटरच्या वर, आणि त्यातला एकही मैल ट्रेलरवर टाकून नेलेली नाही, सगळे स्वतः चालवलेत.

आधी गाडी काय आहे ते सांगतो. लेलंड म्हटलं की आपल्याकडे अशोक लेलंड आठवतं, पण लेलंड हे गावाचं नाव आहे, इथे इंग्लंडात लँकेशायरमध्ये, मी प्रेस्टनला राहतो तिथून पंधरा-वीस मिनिटांवर. १८९६ ला तिथे वाफेवर चालणाऱ्या गाड्या बनवायला सुरुवात झाली आणि १९०७ पासून नाव लेलंड मोटर्स. मोठ्या गाड्यांना प्राण्यांची नावं द्यायचे, बीव्हर, हिप्पो, आणि आठ चाकांची म्हणून ऑक्टोपस. कॉमेट ही त्यातली हलकी, १९४७ ला आली, महायुद्ध संपून ब्रिटनला बाहेर माल विकायची फार गरज होती त्या काळात, त्यामुळे ती जगभर गेली. आपल्याकडे पण आली. १९५० ला अशोक मोटर्सशी करार झाला, मद्रासजवळ एन्नोरला कॉमेट जोडायला लागले, आणि १९५५ ला कंपनीचं नावच अशोक लेलंड झालं.

माझ्याकडे आहे ती बॉनेटवाली कॉमेट ९०. नव्वद म्हणजे ९० हॉर्सपॉवर. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ३५० क्युबिक इंच, म्हणजे साधारण ५.७ लिटर. पाच गिअर, सिंक्रोमेश नाही, पॉवर स्टेअरिंग नाही.

हीच का घेतली याचं कारण अण्णा. माझे वडील सत्तरच्या दशकात कोल्हापूर-मुंबई लाईनवर कॉमेट चालवायचे, मालकाची गाडी, जाताना गूळ, येताना मिळेल तो माल. त्यांच्या गाडीची केबिन लाकडी होती कारण आपल्याकडे कंपनीतून नुसती चेसी यायची आणि केबिन बॉडीवाला बांधायचा. इथली केबिन पत्र्याची, ब्रिग्ज नावाच्या कारखान्यात दाबून काढलेली, तेच पत्रे थोड्या फरकाने डॉज आणि फोर्डच्या लॉऱ्यांनाही लागायचे. दिसायला दोन्ही गाड्या वेगळ्या. पण पहिल्यांदा व्हिडिओ कॉल लावून अण्णांना इंजिन ऐकवलं तर त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही, फोन कानाला लावला आणि म्हणाले, "आरं हीच की." एवढंच म्हणाले.

आता गिअरबॉक्स, कारण या गाडीबद्दल सांगण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं गिअरबॉक्समध्येच आहे. कारमध्ये आपण क्लच दाबतो, गिअर टाकतो, आतली सिंक्रोमेशची कडी दोन्ही बाजूंचा वेग जुळवून देते. इथे ते काम तुमच्या पायाचं आणि कानाचं. वर जाताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, इंजिनची रेस खाली यायची वाट बघायची, परत क्लच आणि मग पुढचा गिअर. खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून मोजकी रेस द्यायची, मग परत क्लच आणि गिअर. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर याला डबल क्लच म्हणतात. वाचायला सोपं आहे, मला पहिले दोन महिने दर चौकात दात खरवडल्याचा आवाज यायचा आणि माझ्या पोटात कालवायचं कारण सत्तर वर्षं टिकलेली ती गिअरची चाकं माझ्या हातून झिजत होती.

मग मी एक केलं, मोबाईल सीटच्या मागे अडकवून फक्त आवाज रेकॉर्ड करायला लागलो आणि संध्याकाळी अण्णांना पाठवायला लागलो. ते ७९ वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, शेवटची गाडी चालवून पंचवीस वर्षं झालीत. पण उत्तर यायचं त्यात चूक सापडायची नाही. "दुसऱ्यातून तिसऱ्यात पाय घाई करतोय." "चौथ्यातून तिसऱ्याला रेस कमी पडली, दात घासले बघ." "आज इंजिन गार होतं काय?" हा शेवटचा प्रश्न ऐकून मी उडालो कारण खरंच त्या दिवशी सकाळी बाहेर तीन डिग्री होतं. नंतर लक्षात आलं, गार असताना गिअरबॉक्सचं ऑइल घट्ट असतं, आतला शाफ्ट लवकर मंदावतो, म्हणून वरचा गिअर टाकताना थांबा कमी लागतो, आणि तासाभराने ऑइल तापलं की तोच थांबा लांबतो. म्हणजे एकदा वेळ पाठ केली की झालं असं नाही, त्याच दिवसात ती बदलते. हे मला कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळालं नव्हतं. आता दहातले नऊ गिअर आवाज न करता पडतात, जूनपासून अण्णांच्या मेसेजात नुसतं "बरं" येतं आणि ते मला फार मोठं वाटतं.

कानात बोळे घालायचा सल्ला सगळे देतात कारण केबिनमध्ये आवाज खूप आहे, शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. मी दोन्ही कानांत घालून बघितले, पण मग इंजिन ऐकू येत नाही आणि गिअर चुकतात. म्हणून फक्त खिडकीकडच्या कानात घालतो.

स्टेअरिंग चालत्या गाडीत हलकं आहे, उभ्या गाडीत फिरवायचं नाही, थोडी पुढे सरकू द्यायची आणि मग वळवायची, नाहीतर खांदे भरतात आणि किंगपिनवरही, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेभोवती वळतं तिच्यावरही, ताण येतो. ३५ मैलांवर म्हणजे ५५ किलोमीटरवर गाडी खूश असते, ४२ च्या पुढे मी नेली नाही. मागे गाड्या साचतात, मग मी जागा दिसली की बाजूला घेतो. डिझेल लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास.

ब्रेक. याबद्दल कुणी गोड बोललं तर विश्वास ठेवू नका. ब्रेक चांगल्या अवस्थेत आहेत, सगळं उघडून नवीन केलंय, तरीही आजच्या गाडीच्या तुलनेत दुप्पट अंतर धरून चालायला लागतं, आणि उतारावर ब्रेकवर गाडी सोडायचीच नाही. ऑगस्टमध्ये मी शॅपच्या घाटात गेलो होतो, जुन्या ए-६ रस्त्याने. उत्तरेकडे स्कॉटलंडला जाणारा बराचसा माल १९७० पर्यंत याच रस्त्याने जायचा, त्या साली एम-६ मोटरवे डोंगरावरून पूर्ण झाला आणि रस्ता ओस पडला. माथा १३०० फुटांच्या वर आहे, आपल्या खंडाळ्याएवढा नाही, पण तिथला वारा आणि बर्फ वेगळा. माथ्याजवळ रस्त्याच्या कडेला एक दगड आहे, त्यावर या अवघड रस्त्याने गाड्या नेणाऱ्या ड्रायव्हरांना आणि वादळात अडकलेल्यांना घरात घेऊन खाऊपिऊ घालणाऱ्या आसपासच्या लोकांना अभिवादन केलंय. ड्रायव्हरांसाठी असा दगड मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. अण्णांना फोटो पाठवला, त्यांना वाचून दाखवलं, आणि ते खंबाटकीतल्या एका पावसातल्या रात्रीबद्दल बोलत राहिले, ती गोष्ट मी आधी कधीच ऐकली नव्हती.

तर परत येताना हक्स ब्राऊच्या उतारावर मी चूक केली. चौथ्यातून तिसऱ्यात आधीच यायला पाहिजे होतं, उतार सुरू झाल्यावर प्रयत्न केला, गिअर पडला नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये वेग घेत चालली. ब्रेक दाबला, लागला, पण थोड्या वेळाने पेडल नरम लागायला लागलं आणि तापलेल्या लायनिंगचा वास केबिनमध्ये आला. तीन-चार सेकंद असतील. मग भरपूर रेस देऊन चौथाच परत टाकला, पडला, इंजिनने गाडी धरली, आणि खाली पुलाजवळ थांबून मी वीस मिनिटं बसून होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि तरी विसरलो. कुणी अशी गाडी घेणार असेल तर एवढी एक गोष्ट माझ्याकडून घ्या, गिअर उताराच्या आधी, गाडी हळू असताना.

लायसन्सचं सगळे विचारतात. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९६० च्या आधी बनलेली मालवाहू गाडी रिकामी चालवली तर साध्या कारच्या लायसन्सवर चालते, मी १९५४ ची शोधली त्याचं हे पण एक कारण. पण रिकामी म्हणजे रिकामी, मागे कांद्याचं एक पोतंसुद्धा टाकायचं नाही. रोड टॅक्स ऐतिहासिक वर्गात शून्य आहे. चाळीस वर्षांवरच्या, धंद्यात नसलेल्या गाड्यांना पुढचे टायर दहा वर्षांपेक्षा जुने नसावेत या नियमातूनही सूट आहे, पण मी ती सूट घेतली नाही, पुढचे दोन्ही टायर बाहेरून नवे दिसत होते आणि आतून चिरा पडल्या होत्या, मी ते लगेच काढले. कागद काहीही म्हणू दे, पुढचा टायर फुटला तर हे स्टेअरिंग हातात राहणार नाही.

खर्च कुठे झाला? टायर, ब्रेक, आणि डिझेलचे सगळे रबरी पाईप. आजच्या डिझेलमध्ये बायोडिझेल असतं, ते जुनं रबर खातं, पाईप मऊ पडून लाईन हवा घ्यायला लागली आणि गाडी दोनदा रस्त्यात बंद पडली. एअर काढायला शिकलो, पाना आता दाराच्या खिशातच असतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ड्रम उघडून हवेच्या पाईपने धूळ उडवू नका, ओलं करून पुसा आणि मास्क लावा. ग्रीसिंग दर दोन आठवड्यांनी, सगळे निपल्स, दीड तास जातो आणि मला तो दीड तास आवडतो. दाराच्या खालचा पत्रा गंजलाय, ते काम राहिलंय. एका दुकानाने मला चुकीच्या मापाचं वॉटर पंपाचं सील दोनदा पाठवलं आणि पैसे परत द्यायला टाळाटाळ केली, शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने त्याच्या गॅरेजमधल्या डब्यातून बरोबर सील काढून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

ही म्हातारी माणसं, यांच्यासाठीसुद्धा गाडी घ्यावी असं मला वाटतं. लेलंडला जुन्या कारखान्याच्या इमारतीत व्यापारी वाहनांचं म्युझियम आहे, १९८३ पासून, पोपसाठी १९८२ ला बनवलेली गाडी पण तिथे आहे. तिथे कॉमेट उभी केली की पाच मिनिटांत कोणीतरी येतंच. एक आजोबा आले, हाताने बॉनेटची कडा चाचपली, आणि सांगायला लागले. हीटर नसायचा, पेडलच्या भोकांमधून वारा यायचा म्हणून वर्तमानपत्रं कोंबायची, रात्री रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं नाहीतर ब्लॉक फुटायचा. रिकामं वजन तीन टनांच्या वर असलेल्या लॉऱ्यांना १९५७ पर्यंत ताशी २० मैलांचीच परवानगी होती, मग ३० झाली. वीस मैलांनी लँकेशायरहून लंडन, विचार करा. मी त्यांना केबिनमध्ये बसवलं. त्यांनी चावीला हात लावला नाही, क्लच दाबून गिअर लिव्हर सगळ्या घरांतून एकदा फिरवला, अगदी हलक्या हाताने, आणि उतरले.

कुणी घ्यावी? ज्याला दर आठवड्याला चालवायला वेळ आहे त्याने. ही गाडी उभी राहून बिघडते, सील सुकतात, ब्रेक सिलिंडर अडकतात, माझी सुट्टीत तीन आठवडे उभी होती तर मागचं एक चाक धरलेलं निघालं. सजवून प्रदर्शनात ठेवायची असेल तर दुसरी कुठलीतरी घ्या. जागा बघून ठेवा, मी एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये महिन्याच्या भाड्याने ठेवतो.

एक गोष्ट या अनुभवात नाही आणि ती अण्णांनीच दाखवून दिली. मागच्या आठवड्यात मी त्यांना एका चढाचं रेकॉर्डिंग पाठवलं, तिसऱ्यातून दुसऱ्यात, अगदी स्वच्छ पडला होता, मला वाटलं आता शाबासकी मिळेल. उत्तर आलं, "रिकामी गाडी आहे ती. आठ टन गूळ असता तर थांबली असती तुझी गाडी." आणि त्याच्या खाली एक व्हॉइस नोट. त्यात अण्णांनी तोंडाने आवाज काढलाय, भरलेली कॉमेट खंबाटकी चढतेय, इंजिन दबत दबत खाली येतंय, मग क्लच, एक छोटीशी रेस, गिअर, आणि परत ओढ. तिसरा सुटणं आणि दुसरा पडणं यात श्वास घ्यायलाही जागा नाही. मी न्यूट्रलमध्ये आरामात रेस देतो कारण रिकामी गाडी मला तेवढा वेळ देते, भरलेली देत नाही, चढावर क्षणात मरते. ती नोट ४० सेकंदांची आहे. रोज शेडमध्ये गाडी सुरू करायच्या आधी मी ती एकदा लावतो.