नागपूरच्या बाल्कनीत टांगायचं टमाटर कोणतं?

टांगत्या टोपलीत टमाटर लावायचं ठरलं की आपण पाकिटावरचा फोटो बघून बी घेतो. नागपुरात आधी दिवस मोजायला हवेत. दिवसाचं तापमान पस्तिशीपुढे किंवा रात्रीचं चोवीसच्या वर राहू लागलं की फुलातला पराग निकामी होतो. फुलं येतात तशीच गळतात, फळ धरत नाही. आपल्याकडे ही वेळ मार्चमध्येच येते, आणि थोड्याच दिवसांत टोपलीच्या जागी कूलरचा स्टँड लागतो. म्हणून माझा हिशेब सणांवर चालतो. पोळा झाला, मारबत निघाली की बी ट्रेमध्ये टाकायचं. ट्रे पावसाच्या माऱ्यात ठेवायचा नाही. घट बसतात तोवर महिन्याचं रोप टोपलीत जातं. दिवाळीत फुलं दिसतात, डिसेंबरात पहिली फळं पिकतात आणि संक्रांतीच्या सुमारास टोपली भरलेली असते. होळीपर्यंत जे मिळेल ते आपलं.

या मुदतीत टोपलीत कोणतं वाण बसतं? माझ्या मते खरी तुलना दोघांतच आहे, टम्बलिंग टॉम आणि टायनी टिम.

टम्बलिंग टॉम खास लोंबण्यासाठीच आहे. फांद्या दीड-दोन फूट खाली येतात आणि काठावरून झुबके सुटतात. रोप लावल्यापासून साधारण ६५ ते ७० दिवसांत फळ पिकतं. ते मोठ्या गोटीएवढं असतं, लाल किंवा पिवळं. लाल थोडं आंबट लागतं, पिवळं गोडसर. चटणीला मी लालच घेते. तव्यावर भाजलेली चार-सहा लाल टमाटरं, हिरवी मिरची, लसूण आणि मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर, एवढ्यात भाकरीची सोय होते. पण या झाडाला भरपूर माती लागते. १४ इंची टोपली आणि किमान १२ लिटर मिश्रण नसेल तर फेब्रुवारीच्या उन्हात ते दुपारीच मान टाकतं. पाणी दिल्यावर अशी टोपली सहज दहा किलोच्या वर जाते. हूक स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून बसवलेला असावा. पीओपीच्या छताला किंवा ग्रिलच्या पातळ पट्टीला हे वजन टांगू नका. याच चालीचं टम्बलर हे वाण संकरित आहे. त्याचं बी घरी धरलं तर पुढच्या वर्षी तेच झाड मिळेल असं नाही.

टायनी टिम जुनं वाण आहे, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचं, १९४५ सालचं. झाड फूट-दीड फूट, सरळ आणि गच्च. ते लोंबत नाही, त्यामुळे टोपली फोटोसारखी दिसणार नाही हे आधीच मान्य करून टाका. त्या बदल्यात १० इंची टोपली आणि सहा-सात लिटर माती पुरते, वजन निम्म्यावर येतं आणि फळ दोन-तीन आठवडे आधी हाती लागतं. फळ लहान, साल किंचित जाड, चव बरी. सगळी फळं थोड्याच दिवसांत पिकून संपतात, म्हणून महिन्याच्या अंतराने दोनदा पेरावं.

मायक्रो टॉम त्याहून बुटकं, जेमतेम वीतभर. फ्लोरिडात ते शोभेसाठी तयार झालं आणि आकार लहान, आयुष्य छोटं म्हणून आज प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरलं जातं. लहान मुलांना खिडकीत झाड वाढताना दाखवायला छान. खाण्यासाठी मी ते लावणार नाही.

वेलीच्या चेरी टमाटरची चव या सगळ्यांपेक्षा सरस असते, हे मान्य. पण तो वेल पाच-सहा फूट चढतो. त्याला बादली आणि दोरी द्या, टोपली नको. पहिल्या वर्षी मी ‘हँगिंग टोमॅटो’ म्हणून ऑनलाइन पाकीट मागवलं होतं. निघाले वेल. डिसेंबरपर्यंत चार फूट वाढले, वाऱ्यात काठावर घासून मोडले, आणि हंगाम गेला. तेव्हापासून पाकिटावर ‘डिटरमिनेट’, म्हणजे मर्यादित वाढीचं, हा शब्द बघितल्याशिवाय मी बी घेत नाही. झाड वाढू लागल्यावरही ओळख पटते. फुलांच्या दोन घोसांमध्ये दरवेळी तीन पानं येत असतील तर तो वेल आहे. मर्यादित वाढीच्या झाडात एक-दोनच पानं असतात आणि शेवटी शेंडाही फुलात संपतो. अशा झाडाचे बगलफुटवे खुडू नका, फळं त्यांच्यावरच लागतात.

भाजीचं मोठं टमाटर हवं असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक बघा. ८० ते १०० ग्रॅमची फळं, आणि पानं आकसणाऱ्या विषाणू रोगासह तीन रोगांना तोंड देण्याची ताकद. मात्र जागा गच्चीवरच्या मोठ्या ग्रो बॅगेत, काठीच्या आधाराने. पुसा रुबीचंही तसंच.

वाणाइतकाच फरक टोपलीने पडतो. काथ्याची टोपली दिसते सुंदर, पण आपल्या कोरड्या हवेत चारही बाजूंनी सुकते. आतून भोकं पाडलेलं प्लास्टिक लावलं तरच ती चालेल. मी खाली पाणी साठणारी बशी असलेली प्लास्टिकची टोपली निवडते. काळी माती टोपलीत नको, ओली झाली की जड आणि सुकली की भेगा. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), उरलेल्यात गांडूळ खत आणि थोडी पोयट्याची माती. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं. तेव्हा टोपली उतरवून अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी. पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही, असं झालं की फळाचा तळ काळा पडून सडतो. लोक चुना घालतात, पण मातीत कॅल्शियम असलं तरी अनियमित पाण्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. जानेवारीपर्यंत सकाळी एकदा, फेब्रुवारीपासून दोनदा पाणी. फुलं येईपर्यंत आठवड्यातून एकदा पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत लिटरला दोन ग्रॅम, नंतर त्याच मापाने १३:००:४५ खत.

आता उन्हाचं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. २२ डिसेंबरला नागपुरात भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं आणि तिथे टम्बलिंग टॉम खुलतं. पूर्वेला सकाळचं चार-पाच तासांचं ऊन असेल तर टायनी टिम. पश्चिमेला दोन्ही चालतात, पण फेब्रुवारीच्या मध्यापासून हिरवी नेट बांधावी लागते. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळाभर थेट ऊन पडत नाही. तिथे पुदिना लावा, टमाटरवर खर्च करू नका.

दोन्ही वाणांचा शत्रू एकच, पांढरी माशी. तिच्यामुळे पानं आकसतात आणि असं झालेलं झाड पुन्हा सुधारत नाही. ते काढून टाका, शेजारचं तरी वाचेल. टोपलीजवळ पिवळा चिकट सापळा आणि आठवड्याला संध्याकाळी लिटरला पाच मिली निंबोळी तेल, सोबत साबणाचे दोन थेंब. पानांच्या खालची बाजू भिजली पाहिजे.

हूक भक्कम आहे, दक्षिणेचं ऊन आहे आणि तुम्ही घटस्थापनेआधी हे वाचताय, तर लाल टम्बलिंग टॉमची रोपं तयार करा. भाड्याचं घर असेल, छताला भोक पाडता येत नसेल, तर टायनी टिमची हलकी टोपली स्टँडला टांगा. दिवाळी उलटून गेली असेल तर टम्बलिंग टॉमचा मोह यंदा सोडा. टायनी टिमचं बी तेव्हा पेरलं तरी जानेवारीअखेर फळ देतं आणि कूलर निघायच्या आत टोपली रिकामी होते.