सोसायटीच्या ग्रुपसाठी टेलिग्रामचा स्लो मोड
घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांत पाण्याचा टँकर उशिरा आला की ग्रुपवर जुंपतेच. त्यावर स्लो मोड, म्हणजे एकाच सदस्याच्या दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ जाऊ देणारी सोय, चांगला उतारा आहे. ग्रुपच्या परवानग्यांत जाऊन ५ मिनिटं लावा. एक मेसेज गेला की पाठवायच्या बटणाजागी उलटे सेकंद मोजणारा आकडा दिसतो. १ तासाचा पर्याय नको, लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर दुसरा निरोप जायचा कसा? अॅडमिनला हे बंधन नसतं, त्यामुळे तोच भांडकुदळ निघाला तर सगळं फुकट. पहिला टोमणाही अडत नाही, तो हातानेच आणि लगेच काढावा. कारण टोमण्याने टोमणा वाढतो: स्टॅनफर्ड-कॉर्नेल विद्यापीठांच्या २०१७च्या प्रयोगात चांगला मूड आणि साध्या कमेंट असताना ट्रोलिंग ३५ टक्के होतं. मूड बिघडलेला आणि वर खवचट कमेंट असताना ६८.