मुलांना स्वातंत्र्य, इतिहास, पैसा शिकवणारा पुस्तकांचा संच: बेळगावच्या घरात बरेच महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं सगळं वाचायला नको. संच चांगला आहे, जमत असेल तर घ्या, खरं मुलांच्या हातात देऊन आपण बाजूला होणार असाल तर नका घेऊ. ही पुस्तकं मुलांना प्रश्न फार छान विचारायला लावतात, उत्तरं मात्र सगळी अमेरिकेतली आहेत आणि आपल्याकडची उत्तरं आपल्यालाच शोधावी लागतात, मुलांना शेजारी बसवून.

संच म्हणजे इंग्रजी चित्रांची पुस्तकं, साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. एकेका पुस्तकात एक गोष्ट आणि त्या गोष्टीतनं एक मुद्दा. मालमत्ता कुणाची, कर कशाला, नोटा जास्त छापल्या की महागाई का होते, कायदा कुणाच्या भल्यासाठी, असे विषय. जाऊबाईंचा भाऊ अमेरिकेतनं येताना घेऊन आला. आमच्याकडे थोरली सातवीत, धाकटा चौथीत, दोघंही इंग्रजी माध्यमात, शाळेत कन्नड आणि घरात मराठी. इंग्रजी वाचायला थोरलीला अडत नाही, धाकट्याला मी वाचून मराठीत सांगते आणि खरं सांगायचं तर त्या सांगण्यातच निम्मं शिकणं होतं, कारण सांगताना आपल्यालाच कळतं की कुठं आपल्याला पण नीट माहीत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या वस्तूमागे किती माणसं असतात ह्या धड्याचा. पुस्तकात पेन्सिल आहे. कुणी एकटा माणूस पेन्सिल बनवू शकत नाही, लाकूड एकीकडचं, शिसं दुसरीकडचं, रबर तिसरीकडचं, आणि ह्या माणसांना एकमेकांची ओळख पण नाही. मुलांना आवडलं. मग थोरली म्हणाली आपण कुंद्याचं, आपल्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचं, करूया की. झालं, दोन दिवस घरात तेच. मोठा कागद घेतला, मध्ये कुंद्याचा बॉक्स काढला आणि बाण काढायला सुरुवात केली. दूध आणि खवा आसपासच्या खेड्यातनं, साखर कारखान्यातनं, कारखान्याला ऊस शेतकऱ्याचा, ऊस तोडायला बीडकडनं आलेल्या टोळ्या, ट्रॅक्टरचं डिझेल, गॅस सिलिंडर, पुठ्ठ्याचा बॉक्स, त्यावर छपाई. धाकट्याने विचारलं कढईत तासन्तास उलथनं कोण फिरवतं, त्याचं नाव कागदावर कुठाय? मग मिठाईच्या दुकानात गेल्यावर त्याने खरंच मागे भट्टीवर कोण असतं ते विचारलं आणि मालकांनी कौतुकाने आत नेऊन दाखवलं. भट्टीवरचे मामा घामाने भिजलेले, खरं हात थांबत नव्हता, थांबला की खाली लागतंय म्हणाले. तो कागद अजून भिंतीवर आहे, बाण वाढतच चाललेत.

त्याच पेन्सिलवरनं आणखी एक गोष्ट निघाली. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर ह्यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. पेपरमध्ये बातमी आली तेव्हा पोरांना म्हटलं जुनी बिलं काढा आणि नवीन बिलाशी ताडून बघा. कर म्हणजे काय हे पुस्तकातल्या चार पानांपेक्षा त्या दोन बिलांत जास्त कळलं.

आता ऊस. आपल्या जिल्ह्यात राहून पोरांना अर्थशास्त्र शिकवायचं आणि ऊस सोडायचा हे शक्यच नाही. पुस्तक सांगतं की भाव विकणारा आणि घेणारा मिळून ठरवतात आणि स्पर्धा असली की दोघांचंही भलं होतं. ऐकायला बरोबर आहे. मग नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसला ऊस उत्पादकांचं आंदोलन पेटलं, मागणी टनाला 3,500 ची, शेवटी 3,300 वर तोडगा निघाला. थोरली पेपर घेऊन आली, म्हणाली आई इथे लिहिलंय केंद्राने एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान भाव, क्विंटलला 355 ठरवलाय, म्हणजे टनाला 3,550 झाले, मग शेतकरी त्याच्यापेक्षा कमी का मागतायत? मला इतका आनंद झाला ह्या प्रश्नाचा. मग बसून सांगितलं की 355 हा 10.25 टक्के उताऱ्याचा, म्हणजे शंभर किलो उसातनं तेवढे किलो साखर निघाली तरचा, दर आहे, उतारा कमी तर दर कमी, आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होते, हातात पडतं ते वेगळंच. शेतकऱ्यांची मागणी हातात पडणाऱ्या पैशांची होती. पुढे तिने विचारलं, मग जास्त देणाऱ्या कारखान्याला ऊस का घालत नाहीत? तर दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर अंतर पाहिजे असा केंद्राचा नियम, महाराष्ट्राने तर ते 25 केलंय, आणि ऊस तोडल्यावर लांब नेत बसलं तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. म्हणजे स्पर्धा कागदावर असते आणि शेतकऱ्याच्या बांधावर तेवढी पोचत नाही. हे त्या संचात कुठेच नाही, असणार पण नाही, खरं संचाशिवाय तिने हा प्रश्न विचारला असता असं मला वाटत नाही. त्याचं श्रेय पुस्तकांनाच.

कोल्हापूरला जाताना निपाणी लागतं. तिथे मी दरवेळी पोरांना 1981 सांगते. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी ह्याच पुणे-बेंगलोर रस्त्यावर तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठाण मांडलं होतं, शेतकरी संघटनेचे शरद जोशी नेतृत्वाला, आणि 6 एप्रिलला पोलिसांचा गोळीबार होऊन 12 शेतकरी गेले. भीक नको, हवे घामाचे दाम. स्वातंत्र्य आणि अर्थकारण ह्यांची गाठ दाखवायला ह्याच्याएवढं जवळचं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. पुस्तकात बोस्टनच्या बंदरात 1773 ला चहा समुद्रात टाकल्याची गोष्ट आहे, ती सांगाच, मुलांना मजा येते, खरं लगेच 1930 चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह पण सांगा, आंबोली उतरलं की शिरोडा काही लांब नाही, आणि मीठ तर घरातल्या प्रत्येक ताटात असतं.

इतिहासाच्या बाबतीत संच इथे फार कमी पडतो. त्यात दोष पुस्तकाचा नाही, ते त्यांच्या मुलांसाठी लिहिलंय. खरं आपल्या गावात एवढं असताना मुलांना ते माहीत नसणं हे मला खुपतं. स्वराज्य मागणारी लोकमान्य टिळकांची होमरूल लीग 1916 ला बेळगावातच सुरू झाली. गांधीजी ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते 1924 चं, टिळकवाडीत, त्या वेळची विहीर आजही आहे, आम्ही सगळे तिला काँग्रेस विहीर म्हणतो आणि रोज तिच्यावरनं स्कूटर नेतो. कित्तूरची राणी चन्नम्मा इंग्रजांशी लढली ते 1824, तिच्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 ला फाशी दिली ते नंदगड आपल्या खानापूर तालुक्यात. ह्या सगळ्या जागा एका सुट्टीत बघून होतात. आम्ही एक पुस्तक झालं की एक जागा असं ठरवलं, धाकट्याला वाचनाचा कंटाळा, खरं जागा बघायला मिळणार म्हणून तो पुस्तक संपवतो.

आता माझी मोठी तक्रार. ह्या संचात स्वातंत्र्य म्हणजे सरकारपासून स्वातंत्र्य, एवढंच. सरकारी माणूस आला की तो काहीतरी हिसकावणार, अडवणार, दंड करणार. मुलांवर ह्याचा परिणाम होतो. धाकटा काही दिवस प्रत्येक गोष्टीवर म्हणायला लागला की सरकार कशाला पाहिजे. त्याला राकसकोप धरणाचं पाणी नळाला कसं येतं ते दाखवायला नेलं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडे माणसाला अडवणारं सरकारच असतं असं नाही, गाव पण अडवतं, जात पण अडवते. महाडला 1927 ला डॉ. आंबेडकरांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, कारण तळं सगळ्यांसाठी खुलं केल्याचा ठराव होऊन सुद्धा माणसं पाणी घेऊ देत नव्हती. त्याच्या आधी दोन वर्षं ते निपाणीला परिषदेला येऊन गेले होते. आणि शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथे राज्याने सक्ती करून माणसं मोकळी केली. हे तीन प्रसंग सांगितल्याशिवाय हा संच आपल्या मुलांना अर्धवटच शिकवतो, मी तर म्हणेन चुकीचं शिकवतो. आम्ही संविधानाची मराठी प्रत आणून ठेवली, कलम 17 (अस्पृश्यता बंद), 19 (बोलण्या-फिरण्याचं स्वातंत्र्य), 21 (जगण्याचा हक्क) एवढी मोठ्याने वाचली, आणि 350 क पण, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळण्याची सोय राज्याने करावी ते. सीमाभागातल्या पोरांना ते कलम पाठ असायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि योजनांचा विषय. हा आमच्या घरात सगळ्यात जास्त रंगला. सासूबाईंना इकडे कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2,000 मिळतात, त्यांची बहीण महाराष्ट्रात चंदगडला, तिला लाडक्या बहिणीचे 1,500. इकडे जून 2023 पासून बायकांना आपल्या सरकारी बसमध्ये झिरो तिकीट, म्हणजे फुकट, तिकडच्या एसटीत अर्धं. पुस्तक वाचून थोरलीने आज्जीला विचारलं, आज्जी हे पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातनं आले ना गे? सासूबाई भाजी निवडत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, होय बाळ आलेत की, खरं आजपर्यंत देवळात ठेवायच्या दहा रुपयांसाठी पण तुझ्या आज्जोबांपुढे हात पसरत होते मी, आता नाही पसरत. पोरगी गप्प. मग रात्री तिने मला विचारलं की आज्जीचं बरोबर की पुस्तकाचं. मी म्हटलं दोघांचं लिहून काढ. तिने एका बाजूला लिहिलं कर कोण भरतं, रस्त्याला पैसे उरतात का, गरज नसलेल्याला पण मिळतं का. दुसऱ्या बाजूला आज्जी कुठे कुठे एकटी जाऊन आली त्या गावांची नावं लिहिली, सौंदत्ती, गोकर्ण, धारवाड. उत्तर अजून ठरलेलं नाही आणि मी ठरवून देणार पण नाही.

चालू घडामोडींसाठी संचात काही नाही, त्याला पेपरच पाहिजे. आम्ही रविवारी मराठी पेपर आणि शेजारच्यांकडनं कन्नड पेपर घेतो, एकच बातमी दोन्हीकडे कशी आलीय ते थोरली बघते, कन्नड तिला माझ्यापेक्षा बरं येतं. 1 नोव्हेंबरला हे सगळ्यात जास्त दिसतं. एका गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाभाग कर्नाटकात गेला म्हणून मराठी लोकांचा काळा दिन. मुलांपासून हे लपवू नका. 1956 ची पुनर्रचना, 1966 चा सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा, सरळ तारखा सांगा. माझं मन कुठं आहे ते मी पोरांना सांगितलंय, लपवलं नाही. त्यासोबत हे पण सांगितलं की थोरलीची सगळ्यात जवळची मैत्रीण कन्नड आहे आणि तिला तिच्या मिरवणुकीत जायचा जेवढा हक्क तेवढाच आपल्याला आपल्या फेरीत जायचा. दोघींनी मिळून शाळेच्या प्रोजेक्टला गावाच्या नावांचा तक्ता केला, जुनं, नवं, मराठी, कन्नड.

बाकी किरकोळ. कागद आणि छपाई उत्तम, चित्रं पोरांना आवडतात. डॉलरची उदाहरणं रुपयात करून सांगावी लागतात. महागाईवरचं पुस्तक सगळ्यात चांगलं उतरलंय, ते आधी घ्या, सोबत मुलाच्या गल्ल्यातले पैसे आणि पोस्टाचं आरडी पासबुक समोर ठेवा, गल्ल्यातले शंभर शंभरच राहतात आणि भाव थांबत नाहीत हे त्याला लगेच कळतं. कायद्यावरचं पुस्तक सहावीच्या खाली देऊ नका, डोक्यावरनं जातं. बाहेरनं मागवलं तर महाग पडतं, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून एक संच घ्यावा आणि फिरवावा, आमचा सध्या शहापुरातल्या तिसऱ्या घरात आहे. मराठीत असा संच, आपल्या उदाहरणांचा, कुणी काढत असेल तर मी पहिली गिऱ्हाईक.

डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा दोघांना गॅलरीतनं कामकाज दाखवायचं मनात आहे. थोरलीने प्रश्न काढून ठेवलेत, पहिला कारखान्यातल्या उसाच्या वजनकाट्याचा आहे. शाळेतर्फे न जाता घरच्या माणसांना पास कसा मिळतो हे कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.