15 हजारांत काय घ्यावं: हातात मावणारा टॅब की छोटा लॅपटॉप?

15 हजारांच्या आसपास बजेट असलं की इंदुरात दोन ठिकाणी दोन वेगवेगळे सल्ले मिळतात. जेल रोडला विचाराल तर 8 इंची टॅब पुढे येतो. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलात तर 11.6 इंची, सेलेरॉन प्रोसेसरचा नवाकोरा लॅपटॉप. आमचं मत आधीच सांगतो: वाचायचं, बघायचं आणि बोलायचं असेल तर टॅब बेलाशक घ्या. टाइप करायचं असेल तर लॅपटॉपच हवा, पण तो हा नवाकोरा स्वस्तातला नव्हे.

वाद जुनाच आहे. 2007 मध्ये नोकियाचा एन800 हा खिशातला इंटरनेट टॅब्लेट आणि आसुसचा ई पीसी 701 हा चिमुकला लॅपटॉप एकाच वर्षी बाजारात आले. एकाचा पडदा 4.1 इंची, दुसऱ्याचा 7 इंची, पण पिक्सेल दोन्हींत सारखेच, 800 बाय 480. 2011 च्या ‘आकाश’ टॅबलाही तेवढेच. म्हणजे दिसत होतं तेवढंच. खरा फरक होता तो कीबोर्डचा. आजही निवड तिथेच येऊन अडते.

टॅबचं आधी. 8.7 इंची, 1340 बाय 800 चा पडदा उभा धरला तर रुंदी भरते सुमारे 11.3 सेंटिमीटर. ए4 पान 21 सेंटिमीटरचं. त्यामुळे पीडीएफ निम्म्याच्या जरा वर आकारात दिसते आणि 12 पॉइंटचा मजकूर साडेसहावर येतो. एमपीपीएससीच्या (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या) छापील नोट्स स्कॅन करून वाचणाऱ्या, भंवरकुवा या इंदुरातल्या क्लासेसच्या भागातल्या मुलांनी हे दुकानातच तपासावं: स्वतःची एक पीडीएफ पेनड्राइव्हवर किंवा मेलवर न्यावी आणि झूम न करता पाच मिनिटं वाचावी. डोळे ताणले गेले तर 10–11 इंची टॅबच्या खाली उतरू नका. याउलट 11.6 इंची लॅपटॉपवर पानाची रुंदी पूर्ण मावते, पण उंची जेमतेम 14.5 सेंटिमीटर, म्हणून एका वेळी अर्धंच पान दिसतं. निव्वळ वाचनाला लॅपटॉप इथे कमीच पडतो.

टॅबचं दुसरं बळ बॅटरी. 5,000 एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॅट-तास, त्यामुळे घरातली 10,000 एमएएचची पॉवर बँक ती एकदा भरून देते. पुण्याच्या गाडीत रात्रभर चार्जिंगच्या सॉकेटसाठी कुणाशी भांडावं लागत नाही. स्वस्त लॅपटॉपच्या गोल पिनेला पॉवर बँक चालत नाही; टाइप-सी असला तरी तो त्या भोकातून चार्ज होतो का, की ते फक्त डेटासाठी आहे, हे लावून बघायचं. टॅबमध्ये रॅम 4 जीबीच्या खाली नको. 64 जीबी स्टोरेज पुरतं, कारण व्हिडिओ मेमरी कार्डावर टाकता येतात.

आता नवा स्वस्त लॅपटॉप. दुकानदार प्रोसेसरवर बोलत राहतो. दुखणं असतं स्टोरेजमध्ये. 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज ही विंडोज 11 ची किमान अट आहे, आणि हे लॅपटॉप 64 जीबी ईएमएमसी (स्वस्तातली साठवण चिप) घेऊन बरोबर त्या किमानवरच उभे असतात. 64 जीबी विंडोजमध्ये 59 च्या आसपास दिसतात. त्यातले 25 ते 30 विंडोजच खातं. ऑफिस टाकलं, व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आले, की मोठ्या अपडेटला जागा उरत नाही आणि ते 0x80070070 हा एरर दाखवून थांबतं. त्याचा अर्थ डिस्क भरली. दुसरं असं की रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर लिहू लागतं, आणि ईएमएमसीला एकाच वेळी वाचणं आणि लिहिणं जमत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्क्यांवर चिकटते, माउस अडखळतो. ही चिप बोर्डावर डाखलेली असते, बदलता येत नाही. म्हणून एकच प्रश्न विचारा: आत मोकळा एम.2 स्लॉट, म्हणजे एसएसडी ही वेगवान साठवण पट्टी बसवायची खाच, आहे का? आहे म्हणाले तर 256 जीबीची एसएसडी टाकून विंडोज तिच्यावर चढवता येतं. नसेल तर सोडून द्या, कितीही सूट देऊ देत.

2023 चं जिओबुक 11 यात जरा निराळं. वजन 990 ग्रॅम, 4जी सिम आतच, आणि विंडोज नाही, त्यामुळे वरची कटकट नाही. पण स्टोरेज तेच 64 जीबी, आणि टॅली त्यावर बसत नाही. दुकानाचे हिशेब ठेवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

‘टॅबला ब्लूटूथ कीबोर्ड जोडू’ हा तोडगा आम्हाला मुळीच पटत नाही. नेहमीच्या कीबोर्डवर दोन कळांच्या मध्यांतलं अंतर 19 मिलिमीटर असतं. 8.7 इंची टॅबच्या कव्हरमध्ये बसणाऱ्या कीबोर्डला 21 सेंटिमीटरच मिळतात, म्हणजे अंतर 14 वर येतं. इंग्रजीत एकवेळ निभेल. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, मात्र च अर्धविरामाच्या कळेवर, ट अवतरणचिन्हाच्या, ड चौकटी कंसाच्या आणि य तिरक्या रेघेच्या कळेवर असतो. आणि लहान कीबोर्डवर नेमक्या याच कडेच्या कळा आकसतात किंवा एफएन दाबून काढाव्या लागतात. सीपीसीटी या मध्य प्रदेशातल्या संगणक-टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी तर पूर्ण आकाराचाच कीबोर्ड वापरावा. तिथे हिंदी टायपिंगला इनस्क्रिप्ट किंवा टाइपरायटरच्या धर्तीची रेमिंग्टन गेल मांडणी निवडता येते आणि बोटांना कळांची जागा पाठ लागते. मराठीसाठी विंडोजमध्ये भाषा जोडली की काम होतं: ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य हवा तर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, ळ साठी शिफ्टसह एन.

मग टाइप करणाऱ्याने घ्यावं काय? सिल्व्हर मॉलमध्येच रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून दुरुस्त केलेले, बिझनेस लॅपटॉप मिळतात, 12.5 इंची, डेलचे लॅटिट्यूड किंवा लेनोवोचे थिंकपॅड. कीबोर्ड पूर्ण मापाचा, एसएसडी बदलता येणारी. मात्र इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्या, उदाहरणार्थ आय5-8250यू किंवा 8350यू. सहावी-सातवी पिढी स्वस्त दिसते, पण विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत (मोजके अपवाद सोडले तर) ती नाही, आणि विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. थिंकपॅड एक्स280 घेणार असाल तर रॅम आधीच 8 जीबी बघा. ती डाखलेली असते, नंतर वाढत नाही.

दुकानात लॅपटॉप सुरू करून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप करा. जी फाइल तयार होते तिच्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या 70 टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलून मागा, नाहीतर तेवढे पैसे कमी करायला लावा. मग नोटपॅड उघडून प्रत्येक कळ एकदा दाबा, बिजागरी दोन्ही बाजूंनी हलवून बघा, कॅमेरा आणि वायफाय चालू करा. बिलावर सिरियल नंबर हवाच. वॉरंटी दुकानाची असते. ती बॅटरीला आणि अ‍ॅडॅप्टरला लागू आहे की नाही, हे त्याच बिलावर लिहून शिक्का मारून घ्या.