वॉल्टर टलच्या मागावर आरासची व्हॅन सहल : गाईड फर्मास, जेवण बेकार

उत्तर फ्रान्समधल्या आरास गावातून पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर नेणाऱ्या छोट्या व्हॅन-सहली बऱ्याच आहेत. आम्ही घेतली ती आठ जणांची, दिवसभराची. ठरलेल्या मार्गाऐवजी 'एकच माणूस दाखवा' म्हटलं तरी गाईड तयार होतो, ही तिची खरी खासियत. आमचा माणूस होता वॉल्टर टल, पहिल्या महायुद्धात पडलेला कृष्णवर्णीय इंग्लिश फुटबॉलपटू आणि लष्करी अधिकारी.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. आता इंग्लंडात नॉर्दम्प्टनला राहतो. हेही चांभारकीचंच गाव, इथल्या फुटबॉल संघाचं टोपणनावसुद्धा 'कॉबलर्स', म्हणजे चांभार. संघाच्या सिक्सफील्ड्स मैदानाबाहेर टलचं स्मारक आहे आणि तिथल्या रस्त्याला त्याचंच नाव. मॅचला जाता-येता ते नाव रोज वाचायचं आणि माणूस कुठे पडला ते बघायचं नाही, हे काही बरं नव्हे.

गाईडने सुरुवात युद्धापासून केली नाही, तिथेच त्याने मला जिंकलं. 1888 साली फोकस्टनला जन्म, वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई केंटची. नऊ वर्षांचा होईतो आईबाप दोघेही गेलेले. मग लंडनच्या बेथनल ग्रीनमधलं मेथडिस्टांचं अनाथालय. भाऊ एडवर्डला ग्लासगोच्या कुटुंबाने दत्तक घेतलं आणि तो पुढे दाताचा डॉक्टर झाला. वॉल्टर मागे राहिला. क्लॅप्टनकडून हौशी फुटबॉल, 1909 मध्ये लंडनचाच व्यावसायिक संघ टॉटनहॅम. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याला रंगावरून इतक्या घाण शिव्या घातल्या की वार्ताहराने त्यावर लिहिलं. टॉटनहॅमने थोड्याच सामन्यांनंतर त्याला राखीव संघात ढकललं. 1911 मध्ये हर्बर्ट चॅपमनने त्याला नॉर्दम्प्टनला आणलं आणि इथे तो शंभरावर सामने खेळला. चॅपमन म्हणजे पुढे आर्सेनल संघ घडवणारा तोच व्यवस्थापक. एका सामन्यात ब्रिस्टल रोव्हर्सला टलने एकट्याने चार गोल मारले, हे सांगताना गाईड ड्रायव्हरच्या सीटवर अक्षरशः उसळला. असा माणूस शाहू स्टेडियमच्या गॅलरीत शोभला असता.

डिसेंबर 1914 मध्ये टल मिडलसेक्स रेजिमेंटच्या फुटबॉलपटूंच्या बटालियनमध्ये भरती झाला. फ्रान्समधली सोमची लढाई बघितली, मे 1917 मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. गोऱ्या वंशाचा नसलेल्याला प्रत्यक्ष हुकूम देणारा अधिकारी नेमू नये, असं लष्कराचे नियम म्हणत असताना! इटलीत पियावे नदीपलीकडच्या छाप्यात सव्वीस जणांना नेऊन सगळ्यांना सुखरूप परत आणलं, त्याबद्दल जनरलने नावानिशी कौतुक केलं.

इथे गाईडचे मार्क थोडे कापतो. 'ब्रिटिश सेनेतला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी' असं तो ठासून सांगतो. पण तसाच कृष्णवर्णीय जॉर्ज बेमंड 1915 मध्येच अधिकारी झाला होता. मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक टलला रंगामुळे नाकारलं, हेही त्याने निकाल लागल्यासारखं सांगितलं. शिफारस झाल्याचा उल्लेख एका सहकाऱ्याने एडवर्डला लिहिलेल्या पत्रात आहे, सरकारी दप्तरात ती सापडलेली नाही. मी हे म्हटल्यावर त्याने ऐकून घेतलं, वाद घातला नाही. टलचं मोठेपण सिद्ध करायला असल्या टेकूंची गरजच काय?

25 मार्च 1918. जर्मनांची मोठी चढाई सुरू होऊन चारच दिवस झालेले. बापोमजवळच्या फाव्रयी गावापाशी टल पडला. लेस्टरचा गोलकीपर टॉम बिलिंगहॅमने गोळीबारात त्याला मागे ओढायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. देह कधीच मिळाला नाही. आज तिथे शेतं आणि वारा. गाईड तिथे नकाशा पसरून सैन्य कुठून कसं मागे हटत होतं ते समजावतो. तो अर्धा तास अख्ख्या सहलीचे पैसे वसूल करतो. फुटबॉलचा गंध नसलेला माझा मेव्हणासुद्धा प्रश्न विचारायला लागला.

आरास स्मारकावर मात्र घाई केली. वास्तुकार लट्येन्सने आखलेल्या या भिंतींवर जवळजवळ पस्तीस हजार नावं आहेत, सगळी कबर नसलेल्यांची. नावं रेजिमेंटनुसार, त्यात हुद्द्यानुसार लावलेली. टल सातव्या कप्प्यात. ते सापडेपर्यंत हॉर्न वाजला. त्याऐवजी वाटेतल्या आठवण-वस्तूंच्या दुकानात आम्हाला उगाच ताटकळत ठेवलं.

जेवण 'समाविष्ट' म्हणजे गार पाव, लोणी आणि चीज. शाकाहारी असाल तर हेच, मांसाहारी असाल तर त्यात हॅमची एक चकती. घरून धपाटे नेले होते म्हणून वाचलो.

जास्तीचे पैसे देऊन नव्ह-शापेलचं भारतीय स्मारक घेता येतं, ते आपल्या लोकांनी सोडू नये. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 ला याच गावावरच्या हल्ल्यात होत्या. गाईडला यातलं फार माहीत नाही, तेवढं वाचून जा.

पाचपैकी चार. बुकिंग करताना दोन गोष्टी लेखी मागून घ्या : दुकान नको, आणि स्मारकावर किमान तासभर. पावसाळी बूट न्या, फाव्रयीच्या शेतात चिखल घोट्यापर्यंत येतो.