रुग्णाची वाट पाहायची, की तापाचा माग काढायचा?

साथीवर नजर ठेवायच्या दोन रीती. एकीत आरोग्य केंद्र आलेल्या रुग्णांची नोंद वर कळवतं. २००४ साली सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम मुख्यतः यावरच उभा आहे. दुसरीत आशाताई वाडीवाडीत जाऊन तापाची चौकशी करतात.

पहिली स्वस्त आणि बारमाही. पण कोकणात लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, बाबतीत ती उशिरा जागी होते. भातलावणीत माणूस दिवसभर चिखलात, पायाला भेगा, त्याच पाण्यात उंदरांचं मूत्र. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो आणि 'कामाचा शीण' म्हणून अंगावर काढला जातो. केंद्रात पोचेपर्यंत कधी कावीळ दिसू लागलेली असते. दारात आलेली आशाताई लाल डोळे बघते, पोटऱ्या दुखतात का, शेतात कधी उतरलात, हे विचारते. औषध वेळेत सुरू होतं.

माकडतापात, म्हणजे गोचिडी चावून माकडांना आणि माणसांना होणाऱ्या तापात, तर माणसाच्याही आधी माग काढावा लागतो. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात ही साथ आली. काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं की तीच पहिली खबर. तिथल्या गोचिडी तपासायला हव्यात.

माझं मत स्पष्ट आहे: लावणीत आणि काजूच्या हंगामात दुसरीच रीत हवी, आणि त्या पायपिटीचा आशाताईंना वेगळा मोबदलाही. मात्र पहिलीच्या नोंदी सोडून चालणार नाही. नेहमीचा आकडा ठाऊक नसेल, तर यंदा ताप वाढलाय हे ठरवणार कशावरून?