दिवाळीच्या भेटीसाठी रेझिनचे कोस्टर : किट चांगले, माहितीपत्रक अपुरे

भाऊबीजेला देण्यासाठी घरी केलेली एखादी टिकाऊ वस्तू असावी, या विचाराने कोल्हापूरच्या राजारामपुरीतील हस्तकला साहित्याच्या एका दुकानातून रेझिन कोस्टरचे, म्हणजे पेल्याखाली ठेवायच्या चकत्यांचे, तयार किट घेतले. हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या या खोक्यात 200 ग्रॅम रेझिन (घट्ट झाल्यावर काचेसारखे दिसणारे द्रव), 100 ग्रॅम हार्डनर (रेझिनला घट्ट करणारा द्रव), गोल कोस्टरचे सिलिकॉनचे साचे, दोन रंगांची अभ्रक पूड, सोनेरी वर्खाची छोटी डबी, मापाचे प्लास्टिकचे पेले, ढवळण्याच्या लाकडी काड्या आणि हातमोज्यांचा एक जोड एवढे साहित्य निघते. रेझिन काचेसारखे स्वच्छ आहे आणि साच्यांची आतली बाजू तकतकीत असल्यामुळे तीच चकाकी कोस्टरच्या पृष्ठभागावर उतरते. साहित्याबद्दल मला तक्रार करावीशी वाटत नाही. सोबतचे माहितीपत्रक मात्र नवख्या माणसाला जे सांगायला हवे, तेच सांगत नाही.

सर्वांत महत्त्वाची उणीव मापाची आहे. रेझिन आणि हार्डनर वजनाने 2:1 या प्रमाणात घ्यावेत, असे पत्रकात छापले आहे. पण सोबत दिलेले पेले मिलिलिटरचे आहेत. रेझिन हार्डनरपेक्षा जड असते. त्यामुळे पेल्याने दोन भाग रेझिन आणि एक भाग हार्डनर मोजले, तर वजनाच्या हिशेबाने हार्डनर कमी पडतो आणि कोस्टर कितीही दिवस ठेवला तरी वरून चिकट राहतो. उलट, लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवण्याची पद्धत काही जण सुचवतात, तीही चुकीची आहे. हे दोन पदार्थ ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात आणि जास्तीचा हार्डनर तसाच आत राहून वस्तू कमकुवत करतो. म्हणून ग्रॅममध्ये मोजणारा लहान डिजिटल काटा आधी आणावा आणि मगच बाटल्या उघडाव्यात.

खोक्यावर सहा कोस्टरचे चित्र आहे. 10 सेंटिमीटर व्यासाचा आणि 8 मिलिमीटर जाडीचा कोस्टर साधारण 63 घनसेंटिमीटरचा होतो, म्हणजे एकाला जवळपास 70 ग्रॅम मिश्रण लागते. 300 ग्रॅममध्ये असे चारच कोस्टर बसतात. सहा करायचेच ठरवले तर प्रत्येकाची जाडी पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास येते. तेवढ्याने काम भागते, पण हातात घेतल्यावर जे वजन जाणवायला हवे ते जाणवत नाही. भेट द्यायची असेल, तर चारांचा संच करणे मला अधिक योग्य वाटते.

सजावटीसाठी किटमधला वर्ख पुरेसा आहे. पण कोल्हापूरकरांजवळ त्याहून सुंदर वस्तू आयतीच असते. दसरा चौकातील शमीपूजनानंतर लुटून आणलेले आपट्याचे सोने जाड पुस्तकात दाबून ठेवावे. दसऱ्यानंतर दोनेक आठवड्यांत ते पूर्ण वाळते. पानात ओल राहिली तर त्याच्याभोवती रेझिन धुरकट होते आणि पुढे पान काळपटही पडते. वाळलेले पानसुद्धा थेट बुडवू नये. त्याच्या शिरांमध्ये हवा अडकलेली असते आणि ओतल्यावर ती बारीक बुडबुड्यांच्या माळेसारखी पानाच्या कडेने वर येत राहते. आधी पानाला दोन्ही बाजूंनी हार्डनर मिसळलेल्या रेझिनचा पातळ हात देऊन ते सुकू द्यावे, मग साच्यात अर्धे मिश्रण ओतून त्यावर पान ठेवावे आणि उरलेले मिश्रण वरून सोडावे. अशा कोस्टरमध्ये आपट्याच्या जोडपानाच्या शिरा उजेडात एकेक करून मोजता येतात, आणि कडेला वर्खाचे चार-पाच कण असले तर आणखी कशाचीच गरज उरत नाही. अभ्रक पूड या कोस्टरमध्ये घालू नये, पान झाकले जाते.

ढवळताना घाई करू नये. चार-पाच मिनिटे सावकाश ढवळावे आणि पेल्याच्या कडा व तळ काडीने खरवडून घ्यावेत, कारण न मिसळलेले रेझिन तिथेच चिकटून राहते. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पाऊस पुरता गेलेला नसतो. हवेत दमटपणा असेल तर पृष्ठभागावर पांढरट साय धरते. त्यामुळे कोरडा दिवस पाहून दुपारीच ओतावे आणि साचे झाकून ठेवावेत. धूळ बसू नये यासाठीही झाकण लागतेच. पत्रकात 24 तासांत कोस्टर तयार होतो असे म्हटले आहे. तो साच्यातून काढण्याजोगा होतो हे खरे, परंतु पूर्ण बळकटी यायला पुढे आठवडाभर द्यावा. भाऊबीजेचा संच वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधीच ओतून झालेला असावा.

किटमधले हातमोजे फार पातळ आहेत, ते फाटतात. नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) मोजे वेगळे घ्यावेत आणि काम खिडक्या उघड्या ठेवून करावे. घट्ट न झालेले मिश्रण वारंवार त्वचेला लागल्यास कायमची ॲलर्जी जडू शकते, हे पत्रकात ठळक अक्षरांत असायला हवे होते. लहान मुलांना पान निवडण्याचे आणि वर्ख लावण्याचे काम जरूर द्यावे. बाटल्यांना मात्र त्यांचा हात लागू देऊ नये.

भेट देताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. साधारणपणे असे रेझिन 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. नुकताच ओतलेला चहा त्याहून बराच गरम असतो आणि स्टीलच्या पेल्यातून ती उष्णता लगेच खाली उतरते, म्हणून गोल वळ उठतो. चिनीमातीच्या जाड बुडाच्या कपातला थोडा निवलेला चहा किंवा सरबताचा पेला यावर बिनधास्त ठेवावा. तांबड्या रश्श्याची वाफाळती वाटी मात्र ठेवू नये. खालून बुचाची चकती चिकटवल्याने टेबल वाचते, कोस्टर वाचत नाही. पेटती पणतीही त्यावर ठेवू नये, कारण रेझिन जळणारा पदार्थ आहे.

दुकानदारांनी मागितल्यावर रेझिन आणि हार्डनरच्या जोडबाटल्या सुट्याही दिल्या. साचे साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येत असल्यामुळे दुसऱ्या संचासाठी पूर्ण किट घेण्याची आवश्यकता नाही.